नाक खाली

मासवणला सूर्या नदीवर बगळा उतरताना बघत बसावं. पाण्याजवळ आला की तो अंग जवळजवळ उभं करतो, पंख ताणून धरतो. पंखांच्या पाठीवरची पिसं वाऱ्यानं विस्कटून उठतात, पुढच्या कडेचा अंगठ्याएवढा पिसांचा झुबका वेगळा होतो आणि पाय टेकतात. वैमानिकाच्या भाषेत बगळा तिथे ‘स्टॉल’ होतो. मात्र हातभर उंचीवर, आणि स्वतःच्या मर्जीनं.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं, असा आपला समज असतो. इंजिन ठणठणीत असतं. समोरून येणाऱ्या हवेशी पंख साधारण १५-१६ अंशांपेक्षा जास्त तिरका झाला की हवा त्याची पाठ सोडते आणि विमानाला उचलणारं बळ ढासळतं. उपाय एका ओळीचा: नाक खाली. पण ३०० फुटांवर, जमीन अंगावर येत असताना नाक खाली नेण्यासाठी हातातली दांडी पुढे ढकलायची कशी? हात ती मागेच ओढतो. त्यात वळण असेल तर आणखी पंचाईत. उंची न सोडता ६० अंश कलून वळलं, तर एरवी ५० नॉटला होणारा स्टॉल ७० नॉटलाच गाठतो.

कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्याशी राज्य सरकारनं २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या विमान कारखान्याचा करार केला, तेव्हा चर्चा झाली ती एकरांची आणि कोटींची. साहजिकच आहे म्हणा. पण छोटं विमान बांधायचं तर मला पहिला प्रश्न पडतो तो हा: हात चुकेल तेव्हा यंत्रानं किती मध्ये पडायचं?

१९४० च्या सुमारास अमेरिकेत फ्रेड विक यांनी ‘एरकूप’ या छोट्या विमानात नाक फार वर उचलताच येणार नाही अशी सोय केली. विमान गिरकीत सापडेना. पण फार हळू उडवलं तर धपकन खाली बसायचं ते बसायचंच. ‘टायगर मॉथ’ विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेची पट्टी हवेच्या दाबानं आपोआप पुढे सरकायची, बगळ्याच्या त्या झुबक्यासारखी. आजच्या काही छोट्या विमानांत संगणक दांडीला हलकेच पुढे रेटतो. वैमानिकाला वाटलं तर जोर लावून तो रेटा मोडता येतो. मला हा हलका रेटा पटतो.

कारण दुसरं टोक आपण पाहिलं आहे. बोइंग ७३७ मॅक्समधली नाक आपोआप खाली दाबणारी प्रणाली एका वेळी एकाच संवेदकाचं ऐकायची. त्यानं खोटं सांगितलं, आणि चांगल्या उडणाऱ्या विमानाचं नाक ती पुन्हापुन्हा खाली दाबत राहिली. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. पहिल्या अपघातापर्यंत अशी काही प्रणाली विमानात आहे हेच वैमानिकांना सांगितलेलं नव्हतं.

सेसना १७२ या छोट्या विमानाच्या डाव्या पंखाच्या कडेला एक भोक असतं. स्टॉल जवळ आला की तिथून हवा ओढली जाते आणि आतली पट्टी बाजाच्या पेटीसारखी वाजते. वीज नाही, संगणक नाही. उड्डाणापूर्वी शिकाऊ पोरं त्यावर रुमाल धरतात, तोंड लावतात आणि श्वास आत ओढतात. पंखातून रडका सूर निघतो. मग रुमाल खिशात घालून ती पुढच्या तपासणीला लागतात.