कोळशाचे ऋण

कोळशाचा सिद्ध साठा म्हणजे जमिनीखालचा सगळा कोळसा नव्हे. आजच्या तंत्राने आणि आजच्या भावात जेवढा काढणे परवडते, तेवढाच त्यात धरला जातो. २०२० च्या अखेरीस तो जगभरात सुमारे १ लाख ७ हजार कोटी टन होता आणि त्या वर्षीच्या वेगाने उपसा चालू राहिल्यास १३९ वर्षे पुरेल, असा हिशेब मांडला गेला. त्या उपशातला निम्मा वाटा एकट्या चीनचा होता. मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अरण्यांतून आपोआप घडलेली, कोणाच्याही श्रमाने न मिळवलेली ही ठेव संपवण्याचा अधिकार एखाद्या पिढीला कोठून मिळतो, याचे उत्तर या हिशेबात सापडत नाही.

माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, ही कल्पना तैत्तिरीय संहितेइतकी जुनी आहे. त्यातल्या पितृऋणाची तऱ्हा जरा न्यारी आहे, कारण घेतलेले असते मागच्यांकडून आणि फेड मात्र संततीच्या रूपाने, म्हणजे पुढच्यांच्या हाती होते.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाला हा ग्रंथ ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’मध्ये तो जवळपास याच वाटेने गेला. स्वस्त कोळसा सरल्यावर ब्रिटनची भरभराट ओसरेल, आणि यंत्रे सुधारली तरी खप घटण्याऐवजी वाढेलच, असे दाखवून त्याने सुचवले की सुबत्ता आहे तोवर राष्ट्रीय कर्ज फेडावे, म्हणजे महाग कोळशाबरोबर तेही वारसांच्या माथी बसणार नाही.

जेव्हन्सची नीती सचोटीची होती, पण पुढच्यांची हानी कोळसा उरला नाही तर होईल, हे तिचे गृहीत आज उलटले आहे. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची निम्मी तरी शक्यता हवी असेल, तर सिद्ध साठ्यातला सुमारे ८९ टक्के कोळसा न काढता राहू द्यावा लागेल, असा निष्कर्ष २०२१ मधील एका अभ्यासाने काढला. म्हणजे येथे फेड देऊन नव्हे, हात आवरून करायची आहे. अर्थात ज्याच्या घरी वीज नुकतीच पोहोचली, त्याला हा संयम शिकवण्याआधी दीडशे वर्षे जाळलेल्यांनी आपला हिशेब चुकता करावा, हा आक्षेप रास्तच आहे. ब्रिटनची शेवटची खोल खाण २०१५ मध्ये आणि शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र २०२४ मध्ये बंद झाले. त्या बेटाच्या पोटात कोळसा अजून शिल्लक आहे.