एम-सील नेमकं धरतं कशाला?

बीडमधल्या आमच्या आष्टीहून नगर साठ-पासष्ट किलोमीटर. 2022 च्या सप्टेंबरात न्यू आष्टीची रेल्वे सुरू झाली खरी, पण इंजिनाचं फुटकं कव्हर पिशवीत घालून अ‍ॅरगॉन वेल्डिंगसाठी नगर गाठायचं तर दिवस मोडतोच. त्यामुळे दगडावर आपटून इंजिनाच्या चेंबरला चीर गेली की गिऱ्हाईक म्हणतं, "मेस्त्री, एम-सील लावून टाका की, चालंल." बऱ्याचदा ते चालतंही. एखादं वर्षानुवर्षं टिकतं, एखादं वाटेतलं कडा गाव यायच्या आत गळायला लागतं. लोक नशिबाला बोल लावतात नाहीतर पुडीला. माझ्या मते फरक निराळाच आहे. वेल्डिंगमध्ये धातू वितळून दोन तुकड्यांचा एक होतो. एम-सील म्हणजे इपॉक्सी, त्यात तसं काही होत नाही. धातू धातूच्या जागी राहतो आणि इपॉक्सी त्याच्या पृष्ठभागाला नुसतं धरून बसतं. हे एवढं ध्यानात आलं की कुठे लावावं, कसं लावावं आणि कुठे हातही लावू नये, ते सगळं त्यातूनच निघतं.

मुळात हा पदार्थ वाळत नाही. रेझिन आणि हार्डनर एकत्र मळले की दोघांत रासायनिक क्रिया होते आणि लगदा दगडासारखा होतो. पाणी किंवा थिनर उडून जायचं नसल्यामुळे तो फारसा आकसतही नाही. स्वित्झर्लंडच्या पिएर कास्तां या रसायनशास्त्रज्ञाने हे रेझिन शोधलं ते दाताच्या कवळ्यांसाठी. पुढे सीबा कंपनीने त्याचं अ‍ॅराल्डाइट केलं आणि 1946 मध्ये बाजारात आणलं. कवळी काय आणि चेंबर काय, माप सुटलं की संपलं. मळण्यात मात्र घाई चालत नाही. दोन्ही गोळे सारखे घ्यायचे आणि रंगाचे पट्टे पार नाहीसे होईपर्यंत मळायचे. पट्टा राहिला तिथे क्रिया झालेलीच नसते. ती जागा कायमची मऊ राहते.

आता धरण्याविषयी. खारावलेल्या भिंतीला कितीही भारी गिलावा करा, पोपडे सुटायचेच. तेलकट अ‍ॅल्युमिनिअमवर एम-सीलचं तेच होतं. आपल्याकडे पेट्रोलने धुतलं म्हणजे स्वच्छ झालं असा समज पक्का आहे. धातूवर अगोदरच असलेलं तेल पेट्रोल पातळ करून पसरवतं आणि उडताना त्याचा पापुद्रा मागे ठेवतं. त्यात इंजिनाचं कव्हर ओतीव. त्याच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. म्हणून जाणता मेस्त्री आधी ऑइल काढून टाकतो, कव्हर जरा तापवतो, छिद्रांतून घामासारखं वर आलेलं तेल थिनरच्या फडक्याने पुसतो आणि पुन्हा तापवतो. फडकं कोरं निघेपर्यंत हे चालतं. मग चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिल मारतो. चीर पुढे सरकते ती तिच्या अणकुचीदार टोकातून. गोल भोक पडलं की तिथला ताण पसरतो. नंतर कानशीने चीर खोल करायची, भोवतीचा इंचभर भाग खरखरीत पॉलिश पेपरने ओरबाडायचा, पुन्हा थिनरने पुसायचं आणि लगेच भरायचं. बोटाने दाबून, म्हणजे आत हवा राहत नाही. या सगळ्यात एम-सील लावायचं काम सर्वांत शेवटचं आणि सर्वांत थोड्या वेळाचं. रात्रभर गाडीला हात लावायचा नाही, हे मात्र गिऱ्हाइकाला पटवणं त्याहून अवघड.

पृष्ठभागालाच धरायचं म्हटल्यावर ताण कोणत्या बाजूने येतो याला महत्त्व आलं. दाब आला किंवा ताण सगळ्या जागेवर सारखा पसरला तर इपॉक्सी भक्कम. कडेपासून सोलायला लागलं की दुबळं. चेंबरच्या तळाशी ऑइल नुसतं साठलेलं असतं, तिथे ते निभावतं. ऑइलच्या नटाचे आटे गेले असतील तर तिथे एम-सीलचे आटे करण्यात अर्थ नाही. नट आवळताना सगळा जोर त्या आट्यांवरच. फूटरेस्ट, ब्रेकचं पॅडल, हॅण्डल, मॅगव्हील यांना तर लावूच नये. लावून वर रंग मारून देणारे भेटतात. ती दुरुस्ती नव्हे, फसवणूक आहे.

उष्णतेचंही तसंच. अ‍ॅल्युमिनिअम तापलं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि निव्वळ इपॉक्सी त्याहूनही कितीतरी जास्त. रोज तापून निवताना जोडाच्या कडा ओढल्या जातात. ही तफावत कमी व्हावी म्हणून काही इपॉक्सींत धातूची पूड घातलेली असते. साधं इपॉक्सी शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागतं, तेव्हा सिलिंडरचं हेड आणि सायलेन्सरचं तोंड यांचा विचार सोडून द्यावा.

सर्वांत मोह होतो तो पेट्रोलच्या टाकीचा. टाकी गंजते तळाशी, कारण पाणी पेट्रोलखाली बसतं. वेल्डिंग करावं तर आतल्या वाफेचा भडका उडायची भीती, म्हणून एम-सील. पण 2023 पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, आणि इथेनॉल साध्या रेझिनला हळूहळू मऊ करतं. उसापासून निघणारं इथेनॉल, आणि तो ऊस तोडायला बीडमधूनच टोळ्या जातात. आपलाच कोयता आपल्या टाकीवर फिरला म्हणायचा! त्यात भोवतीचा पत्रा आतून कागदासारखा झालेला असतो. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतं, कारण धरायला तिथे धातूच उरलेला नसतो. इंधनासाठीच बनवलेलं इपॉक्सी लावून गावापर्यंत यावं आणि जुन्या बाजारात टाकी शोधावी.