पहिल्या उड्डाणापूर्वीची शंका

रेडिओवर चालणारे मॉडेल हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडवण्याआधी त्याची नियंत्रणे जमिनीवर तपासतात. मोटरच्या तारा सोडवून ठेवतात, म्हणजे पाती अचानक फिरत नाहीत. कलेक्टिव्हची, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकत्र बदलणारी, स्टिक वर नेल्यावर स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांना कोन देणारी तबकडी, सपाट राहून सरकली पाहिजे आणि मुख्य पात्यांचा कोन वाढला पाहिजे. सायक्लिकची, म्हणजे यंत्र कलवणारी, स्टिक पुढे ढकलल्यावर स्वॉशप्लेट पुढे कलली पाहिजे, डावीकडे नेल्यावर डावीकडे. शेपटीची परीक्षा दुहेरी असते. स्टिकला शेपटीची पाती बरोबर प्रतिसाद देत असतील, तरी शेपटी आपोआप स्थिर ठेवणारा जायरो उलटा असू शकतो. म्हणून हेलिकॉप्टर हाताने डावीकडे फिरवतात आणि शेपटीची पाती नाक उजवीकडे परत आणण्यासाठी वळतात का, ते पाहतात. जायरो उलटा असेल, तर तो चूक सुधारण्याऐवजी वाढवतो आणि जमीन सोडताच यंत्र स्वतःभोवती गरगरू लागते.

या तपासणीमागे प्रमाणशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे: झालेले ज्ञान खरे आहे, हे कशावरून ठरवायचे? मीमांसकांच्या, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या अनुयायांच्या, मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि दोष दिसला किंवा विरोधी ज्ञान झाले, तरच ते बाद होते. नैयायिकांच्या, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांच्या, मते त्याचा खरेपणा बाहेरून ठरतो, मुख्यतः त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाल्यावर. लांबून दिसलेले पाणी खरे होते, हे तहान भागल्यावर कळते.

पण हेलिकॉप्टरच्या बाबतीत सफल कृती म्हणजे उड्डाणच. जुळणी बरोबर आहे हे उडवल्याशिवाय कळत नाही आणि ते कळल्याशिवाय उडवणे धोक्याचे आहे. यातून वाट नैयायिकांनीच दाखवली आहे. ज्याचे फळ लगेच दिसते आणि ज्याला कष्ट थोडे लागतात, अशा कामाला माणूस शंका असतानाही हात घालू शकतो. मोठ्या खर्चाच्या आणि श्रमाच्या वैदिक कर्मात मात्र निश्चय आधी हवा. जमिनीवरची तपासणी हाच भेद व्यवहारात आणते. एका महाग कृतीचे ती अनेक स्वस्त कृतींत विभाजन करते. स्टिक हलवून पाहण्यात नुकसान काहीच नाही. चूक निघाली तर सर्व्होची, म्हणजे नियंत्रणे हलवणाऱ्या छोट्या मोटरची, दिशा बदलता येते.

मीमांसकांचा आक्षेप तरीही उरतो: तपासणीची तपासणी कोणी करायची? शंका अशीच वाढत गेली, तर यंत्र कधी उडणारच नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात शंकेला सीमा घातली आहे. माणसाच्या स्वतःच्या वागण्याशीच जी विसंगत ठरते, ती शंका टिकत नाही. ज्या डोळ्यांवर भरवसा ठेवून तो रस्ता ओलांडतो, त्यांनाच स्वॉशप्लेटपुढे अविश्वसनीय ठरवणे पोकळ आहे. जायरोच्या दिशेची शंका मात्र खरी आहे, कारण दोन्ही शक्यता खुल्या आहेत आणि ती क्षणात मिटवता येते.

यात नीतीचाही भाग आहे. इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी 1877 साली एका जहाजमालकाचे उदाहरण मांडले. मनातली शंका दाबून तो जुने जहाज समुद्रात सोडतो. जहाज सुखरूप परतले, तरी क्लिफर्ड त्याला दोषीच ठरवतात, कारण तसा विश्वास ठेवण्याचा अधिकार त्याने मिळवलेला नव्हता. वेगाने फिरणारी पाती जवळ उभ्या माणसाला गंभीर जखमी करू शकतात. म्हणून न तपासता केलेले उड्डाण यशस्वी झाले, तरी ते योग्य ठरत नाही. तपासून केलेले उड्डाण फसले, तर नुकसान होते, पण उडवणाऱ्याकडून कर्तव्यात कसूर झालेली नसते.

विश्वास ठेवण्यापूर्वी किती शंका घ्यावी, हे चूक झाल्यास तिची किंमत कोणाला मोजावी लागेल त्यावर ठरवावे. ती दुसऱ्याला मोजावी लागणार असेल, तर तपासणी टाळण्याचा हक्क कोणालाही नाही.