वाणी कंठात नाही

वाणी ही ईश्वराने माणसालाच दिलेली देणगी आहे, ही श्रद्धा आपल्याकडे खोलवर मुरलेली आहे. तिच्यापाठी बहुधा एक गृहीतक असतं: माणसाचा गळा बोलण्यासाठीच घडवलेला आहे, जनावरांचा तसा नाही. हे गृहीतक शरीराच्या कसोटीवर टिकत नाही. आणि ते सोडून दिल्याने वाणीचं पावित्र्य कमी होत नाही, त्याला अधिक भक्कम आधार मिळतो, असं मला वाटतं. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा. कंठमणी झटकन वर सरकतो. त्या क्षणी स्वरयंत्र उचललं जातं, आतले स्वरतंतू एकमेकांना घट्ट भिडतात, वरचं झाकण पडतं आणि घास श्वासनलिका चुकवून अन्ननलिकेत उतरतो. जरा चुकलं की ठसका लागतो. पोतं पाठीवर घेताना हमाल श्वास कोंडतो तेव्हाही हेच तंतू मिटतात आणि छातीत अडकलेल्या हवेने धड ताठ राहतं. श्वासमार्गाची राखण हे या अवयवाचं मूळ काम, आवाज त्यानंतरचा. मिटलेल्या तंतूंना ढकलून हवा बाहेर पडते तसे ते उघडतात-मिटतात, पुरुषांत सेकंदाला साधारण 100 ते 125 वेळा, स्त्रियांत 200च्या आसपास. गाय, कुत्रा, माकड यांच्या गळ्यातही हेच घडतं.

यावर एक जुना आक्षेप आहे. माणसाचं स्वरयंत्र गळ्यात बरंच खाली असतं, त्यामुळे जिभेला मागे-पुढे हलायला जागा मिळते आणि स्वर वेगळे उमटतात. माकडाला ती सोय नाही. 1969 मध्ये फिलिप लीबरमन यांनी हे मांडलं आणि ते अनेक वर्षं मान्य राहिलं. पण 2001 मध्ये तांबड्या हरणाच्या नराचंही स्वरयंत्र खाली असल्याचं दिसलं, आणि ते काही बोलत नाही. 2016 मध्ये टेकुमसे फिच, आसिफ गझनफर आणि सहकाऱ्यांनी मॅकाक माकडाच्या गळ्याच्या हालचाली क्ष-किरणांनी टिपल्या, तेव्हा वेगवेगळे स्वर काढण्याइतका तो गळा समर्थ निघाला. 2022चा निष्कर्ष तर आणखी बोलका आहे: 43 जातींची माकडं-वानरं तपासली असता त्यांच्या स्वरतंतूंवर जो पातळ पडदा असतो, तो एकट्या माणसात नाही. म्हणजे आपला गळा अधिक गुंतागुंतीचा झाला नाही, साधा झाला. जास्तीचं काही मिळालं म्हणून आपण बोलतो, हे म्हणणं इथे संपतं.

खरा फरक मेंदूत आहे. आपल्या मेंदूच्या बाह्यपटलापासून स्वरयंत्र हलवणाऱ्या पेशींपर्यंत थेट धागे जातात. माकडांत ते अगदी क्षीण असतात. माकडाची हाक बहुतांशी भीतीची, भुकेची, रागाची असते. माणूस राग आला तरी आवाज दाबू शकतो, राग नसताना चढवू शकतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीला तपात स्थान दिलं आहे, ते मला म्हणूनच फार नेमकं वाटतं. ज्यावर आपला ताबाच नाही त्याचं तप कसं होणार? इथे कोणी पोपटाचा, देवमाशाचा दाखला देईल. तो रास्त आहे. ताबा आणि अनुकरण त्यांच्यातही आहे. दक्षिण कोरियातला कोशिक हत्ती सोंड तोंडात घालून माणसांसारखे पाच कोरियन शब्द काढायचा. पण ‘बस’ या अर्थाचा शब्द उच्चारल्यावर समोरचा बसेल, अशी त्याची अपेक्षा दिसली नाही. त्याच्या आवाजावर ताबा होता, पण बोललेल्याशी स्वतःला बांधून घेणं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सगळं मेंदूच्या धाग्यांवर आलं, तर त्यात ईश्वराचं काय उरलं? धाग्यांमुळे ताबा शक्य होतो, एवढंच शरीरशास्त्र सांगतं. त्या ताब्याचा उपयोग सत्यासाठी करावा की कुणाला दुखावण्यासाठी, हा प्रश्न ते सोडवत नाही, आणि धर्माला नेमकी त्याचीच आच आहे. देणगी गळ्यातच असती, तर कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावं लागलेला माणूस तिला कायमचा मुकला असता, आणि खुणांच्या भाषेत वाढलेला कर्णबधिर माणूस जन्मभर तिच्याबाहेर राहिला असता. पण पहिला गळ्याला यंत्र टेकवून दिलेलं वचन पाळतो, दुसरा हातांनी शपथ घेतो, क्षमा मागतो, आणि हवं तर खोटंही बोलतो. ज्या अर्थाने हे दोघे बोलतात, त्या अर्थाने कोशिक कधीच बोलला नाही.