तंबूचे वजन

शास्त्रपाठ : गणना ७:१-९; गलतीकरांस ६:२-५



थंडीचे दिवस लागले की आपल्या मंडळ्यांतील तरुण संघांना डोंगराची ओढ लागते. कोणी हरिश्चंद्रगडाचा बेत करतो, कोणी कळसूबाईचा, कोणी थेट हिमालयाचा. आणि मग तंबू कोणता घ्यावा, हा प्रश्न निघतो. पवित्र शास्त्राच्या भाषांतरात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न परका नाही. तंबू, डेरा, राहुटी, मंडप हे शब्द आमच्या मेजावर उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत येतच राहतात, आणि कोठे कोणता योजावा यावर आमचे दिवसच्या दिवस जातात. म्हणून प्रथम तरुणांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो.

दोन माणसांचा साधा घुमटाकार तंबू तीन ते चार किलोचा असतो. अधिक दाम मोजले तर तो दोन किलोच्या आसपास येतो, त्याहूनही अधिक मोजले तर एक-सव्वा किलोचा मिळतो. म्हणजे जितके सामान कमी, तितकी किंमत जास्त! आणि हा हलकेपणा केवळ पैशाने मिळत नाही. त्यासाठी काहीतरी सोडावे लागते. कापड पातळ होते, म्हणून काट्यागोट्यांना जपावे लागते. जागा आखूड होते. काही हलक्या तंबूंना एकच पदर असतो. त्यात निजणाऱ्यांच्या श्वासातील वाफ रात्री गार कापडाला लागून थेंब धरते आणि पहाटे अंगावर ठिबकते. दुपदरी तंबू थोडा जड, परंतु आतला जाळीदार पदर हे थेंब अंगापासून दूर ठेवतो. नायलॉनचे कापड भिजले की सैल पडते, म्हणून रात्री उठून तणावे पुन्हा ओढावे लागतात. पॉलिएस्टर तितके सैलावत नाही. दांड्या ॲल्युमिनियमच्या घ्याव्यात. काचतंतूच्या दांड्या स्वस्त असतात, पण जड असतात आणि चिरफाळून मोडतात. वेष्टनावर कधी दोन वजने छापलेली आढळतात. एक खुंट्या, दोऱ्या व पिशव्या वगळून, दुसरे सर्व धरून. पाठीवर जाणारे वजन दुसरे होय. माझे मत विचाराल तर सर्वांत हलका तंबू शोधू नये. ज्या जमिनीवर आणि ज्या हवेत निजायचे, तिला पुरेल असा हलका शोधावा.

कानोत्याचे उदाहरण घ्या. जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याने सुमारे १५ किलोमीटर गेले की हे गाव व त्याची गढी लागते. तिकडे जानेवारीत दिवस उबदार असतो, परंतु रात्री पारा सरासरी ८ अंशांच्या आसपास उतरतो. अशा हवेत एकपदरी तंबूत पहाटे हमखास ओल साचते. जमीन भुसभुशीत लागली तर बारीक खुंट्या तग धरीत नाहीत; रुंद पात्याच्या खुंट्या न्याव्या लागतात, किंवा पिशवीत वाळू भरून तिला तणावा बांधून ती पुरावी लागते. पावसाळी सह्याद्रीसाठी घेतलेला तंबू तेथे जसाच्या तसा उपयोगी पडेल असे नाही.

कानोत्याचे नाव मी निवडले त्याला आणखी एक कारण आहे. तेथील ठाकूर घराण्यातील अमरसिंह (१८७८-१९४२) यांनी १८९८ पासून मृत्यूपर्यंत रोजनिशी लिहिली. तिचे ८९ खंड आहेत. १९००-०१ मध्ये ते जोधपूरच्या घोडदळाबरोबर चीनच्या मोहिमेवर होते, पुढे पहिल्या महायुद्धातही गेले. सुसान व लॉइड रूडॉल्फ या दांपत्याने कानोत्याच्या मोहनसिंहांबरोबर त्या रोजनिशीच्या पहिल्या वर्षांतील निवडक भाग २००० साली ‘रिव्हर्सिंग द गेझ’ या नावाने प्रसिद्ध केला. घोडे, पोलो, शिकार आणि वाचन यांत रमणाऱ्या एका सरदाराचे जग त्यात दिसते. ते जग आता उरलेले नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचे दिवस संपले. आज त्या माळांवर जाणाऱ्याच्या खांद्यावर बंदूक नव्हे, दुर्बीण असते. परंतु शिकारीच्या तंबूने एक प्रश्न मागे ठेवला आहे. तो प्रश्न बंदुकीबरोबर संपला नाही.

अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त बादशाही तंबूंचे वर्णन केले आहे. मोठ्या छावणीचे वर्णन करणे अवघड, म्हणून शिकारीच्या व छोट्या प्रवासाच्या सामानाविषयीच थोडे सांगतो, असे तो म्हणतो. आणि त्या ‘थोड्या’ सामानाच्या वाहतुकीसाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागतात असा हिशेब देतो! तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम असे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. बादशहाला तंबू जड होता काय? मुळीच नाही. त्याला तो पिसासारखा हलका होता, कारण त्याचा एक तणावाही त्याच्या खांद्यावर नव्हता.

तंबूचे वजन किती, हा प्रश्न आपण तराजूला विचारतो. तो कोणाच्या खांद्यावर आहे, हे मात्र विचारायचे राहून जाते.

राजपुतान्यातील अनेक जहागिऱ्यांत हे खांदे बेगारीचे होते. मेवाडमधील बिजोलियाच्या शेतकऱ्यांनी लागबाग व बेगार यांविरुद्ध १८९७ पासून १९४१ पर्यंत लढा दिला. कुमाऊंच्या डोंगरांत तर दौऱ्यावरील अधिकाऱ्यांचे व प्रवाशांचे सामान वाहण्याची सक्ती गावांवर होती. कोणत्या घराने किती वेळा ओझे वाहायचे याच्या नोंदवह्या गावोगाव ठेवल्या जात. १९२१च्या जानेवारीत उत्तरायणीच्या जत्रेला बागेश्वर येथे बद्रीदत्त पांडे आदींच्या नेतृत्वाखाली लोक जमले आणि त्यांनी त्या नोंदवह्या शरयू नदीत सोडून दिल्या. आपल्या ठाणे जिल्ह्यातील वारली बांधव १९४५ साली उठले तेही वेठबिगारीविरुद्धच. आणि आपल्याही घरात थोडे डोकावू या. जुन्या मिशनरींचे हिवाळी दौरे आपण कृतज्ञतेने आठवतो. त्यांचे तंबू बैलगाड्यांतून खेडोपाडी जात आणि त्यातून सुवार्ता पोहोचली. परंतु ते तंबू ठोकणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, पहाटे उठून गाडी भरणाऱ्या माणसांची नावे आपल्या मंडळीच्या इतिहासांत किती ठिकाणी आढळतात?

‘वेठ’ हा शब्द आपल्या शास्त्रातही आहे. ग्रीक नव्या करारात ‘अंगारेउओ’ हे क्रियापद केवळ तीन वेळा येते, आणि आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी ‘वेठीस धरणे’ हा अगदी नेमका शब्द आहे. पहिले स्थळ डोंगरावरील प्रवचनातील आहे : कोणी एक कोस न्यावयास भाग पाडले तर दोन कोस जाण्याविषयी प्रभू बोलतो (मत्तय ५:४१). ऐकणाऱ्यांना हे दृश्य परिचयाचे होते. रोमी सैन्यात आठ शिपायांना मिळून एक चामड्याचा तंबू असे. तो इतका जड की त्याला खेचर लागे. बाकीचे सामान शिपायाच्या पाठीवर असे, आणि वाटेत कोणी यहूदी भेटला तर ते त्याच्या पाठीवर चढवण्यास शिपायाला वेळ लागत नसे. उरलेली दोन्ही स्थळे एकाच माणसाची आहेत : कुरेनेकर शिमोन (मत्तय २७:३२, मार्क १५:२१). ज्याने वेठीस धरलेल्यांना दोन कोसांचा मार्ग दाखवला, त्याचाच वधस्तंभ एका वेठीस धरलेल्या माणसाच्या खांद्यावर आला. वेठबिगार करणाऱ्यांच्या रांगेत आपला प्रभू किती जवळ उभा आहे, हे भाषांतर करताना मला नेहमी थबकवते.

आता गणनेचा सातवा अध्याय उघडा. रानातील निवासमंडप हा काही हलका तंबू नव्हता. बकऱ्याच्या केसांचे अकरा पडदे होते, प्रत्येक ३० हात लांब व ४ हात रुंद. बाभळीच्या लाकडाच्या ४८ फळ्या होत्या. रुप्याच्या शंभर उथळ्या, म्हणजे फळ्या व खांब ज्यांत उभे राहत त्या बैठका, एकेक किक्काराच्या होत्या (निर्गम ३८:२७). किक्कार सुमारे ३४ किलोचा धरला, तर केवळ त्या बैठकांचेच वजन ३,४०० किलो होते. हे सारे वाहून न्यायचे होते लेव्यांना. तेव्हा सरदारांनी सहा गाड्या व बारा बैल आणले, आणि मोशेने वाटणी केली. पडदे वाहणाऱ्या गेर्षोन्यांना दोन गाड्या, फळ्या व बैठका वाहणाऱ्या मरारी कुळाला चार. ज्याचे काम जड, त्याला साधन दुप्पट. देवाच्या मंडपाचे वजन कोणाच्या कमरेवर पडते, याचा हिशेब खुद्द मोशे ठेवतो, आणि पवित्र शास्त्र बैलांची संख्याही विसरत नाही.

तिसऱ्या कुळाला, कहाथ्यांना, मात्र एकही गाडी नाही. कराराचा कोश, मेज, दीपवृक्ष त्यांनी खांद्यावरच वाहायचे होते. पुढे दाविदाच्या काळी तोच कोश नव्या गाडीवर चढवला गेला (२ शमुवेल ६). कोणाच्याच खांद्याला त्रास नको, अशी ती सोय होती. वाटेत बैल बिचकले, आणि उज्जाचे काय झाले ते आपण जाणतो. काही ओझी गाडीवर द्यावीत, नव्हे दिलीच पाहिजेत. काही मात्र गाडीवर देता येत नाहीत. हा भेद ज्याला कळत नाही, तो कधी दुबळ्याच्या पाठीवर रुप्याच्या बैठका लादतो, तर कधी स्वतःच्या खांद्यावरचा कोश बैलांच्या हवाली करतो.

पौलाने गलतीकरांस लिहिताना हाच भेद दोन शब्दांत केला आहे. सहाव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहण्यास तो सांगतो. तीनच वचनांनंतर, प्रत्येकाला स्वतःचा भार वाहावा लागेल असेही म्हणतो. वाचणाऱ्याला विसंगती वाटते. ग्रीकमध्ये मात्र शब्द वेगळे आहेत. पहिला ‘बारोस’, माणसाला दडपणारे जड ओझे. दुसरा ‘फोर्तिओन’, प्रवाशाचे गाठोडे, जहाजाचा माल. ज्याचे त्याने न्यावे असे. मराठीत ‘ओझे’ आणि ‘भार’ यांत हा फरक पुरता उतरत नाही, हे मान्य करावे लागते. माझ्या मनाने पाचव्या वचनात ‘गाठोडे’ अधिक जवळचे ठरते. परंतु उपासनेत तो शब्द फारच घरगुती वाटेल असे पुष्कळांचे म्हणणे पडते, आणि त्यातही तथ्य आहे. परूशी लोकांच्या खांद्यावर जड ओझी बांधतात आणि स्वतः बोटही लावीत नाहीत, असे प्रभू म्हणतो (मत्तय २३:४), तेथेही ‘फोर्तिओन’च आहे. दुसऱ्याचे गाठोडे बांधून देणारे, पण न उचलणारे! प्रभू स्वतःचे ओझे हलके आहे असे म्हणतो (मत्तय ११:३०) तेव्हाही शब्द तोच, आणि तेथे तो जू आधी स्वतःच्या मानेवर घेतलेला आहे.

हा पौल स्वतः तंबू करणारा होता, हे विसरू नये. करिंथ येथे तो अक्विल्ल व प्रिस्किल्ल यांच्याबरोबर त्याच धंद्यात बसला (प्रेषितांची कृत्ये १८:३). तो चामडे शिवीत असे की बकऱ्याच्या केसांचे जाड कापड, यावर विद्वानांत मतभेद आहेत. काम मात्र बोटांना घट्टे पाडणारे होते. ते त्याने का केले, हे तो थेस्सलनीकाकरांस सांगतो (१ थेस्स. २:९) : कोणावर आपला भार पडू नये म्हणून. त्या क्रियापदात तोच ‘बारोस’ आहे. आणि देह हा तंबू होय असे करिंथकरांस लिहिताना, या तंबूत आपण भाराक्रांत होऊन कण्हतो, असे तो म्हणतो (२ करिंथ. ५:४), तेथेही तेच मूळ. इतरांच्या निवाऱ्यासाठी तंबू शिवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या तंबूचे वजन ठाऊक होते.

तेव्हा तरुण मित्रांनो, हिमालयात जाल आणि तंबू खेचरावर किंवा भारवाहकाच्या पाठीवर जाणार असेल, तर त्यात पाप नाही. मरारी कुळालाही गाड्या होत्या. परंतु त्या माणसाच्या पाठीवर किती किलो चढले ते स्वतः तोलून पाहा, मजुरी ठरल्याप्रमाणे पोहोचते की नाही ते पाहा, आणि रात्री तो कोठे निजतो तेही विचारा. तुमच्या दुपदरी तंबूबाहेर तो ताडपत्रीखाली कुडकुडत असेल, तर तुमच्या तंबूचे वेष्टनावरील वजन खरे नाही.

आणि सह्याद्रीत आपापल्या सॅका घेऊन जाल, तर आदल्या रात्री घरच्या काट्यावर सर्व सामान तोला. दोघांचा तंबू एकाच्या सॅकेत कोंबू नका. कापड एकाकडे, दांड्या दुसऱ्याकडे. चौघे असाल तर खुंट्या व तणावे तिसऱ्याकडे द्या, आणि ज्याची प्रकृती नाजूक असेल त्याला फक्त पाण्याची बाटली. सोबत पाळकसाहेब येणार असतील, तर खुंट्या ठोकण्याची हातोडी त्यांच्या सॅकेत घालावी. ती जड असते.