भावांच्या नावाची पाटी

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघाले की कारखाने आठवतात. त्यांच्या आयुष्याचा पाया मात्र बेळगावातल्या एका सायकलच्या दुकानात घातला गेला, आणि त्या दुकानाच्या पाटीवर एकट्याचे नाव नव्हते. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ म्हणजे थोरले रामुअण्णा आणि धाकटे लक्ष्मणराव. या माणसाचे चरित्र नीतीच्या अंगाने पाहायचे असेल, तर त्या पाटीपासूनच सुरुवात करावी लागते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घराणे विद्वानांचे, मुलाने चित्रे काढावीत किंवा यंत्रांशी खेळावे, हे वडिलांना पटणारे नव्हते. पाठीशी उभे राहिले ते रामुअण्णा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकण्याचा खर्च थोरल्या भावाने उचलला. पुढे काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सुटली, पण यंत्रांच्या आराखड्यांचा अभ्यास सुटला नाही. त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवण्याची नोकरी मिळाली. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावात भाऊ नसता तर हा स्वाभिमान परवडला असता का, हा प्रश्न विचारायला हवा. मानाने जगणे बहुधा कुणाच्या तरी आधारावर उभे असते, आणि तो आधार चरित्रात एका ओळीत उरकला जातो.

नोकरीत असतानाच भावांचा जोडधंदा सुरू झाला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामुअण्णा त्या बेळगावात विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती, शिकवणीची फीही घेतली जाई. मिळालेल्या पैशातून छोटी यंत्रे आली आणि कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्यानंतर आला लोखंडी नांगर.

या नांगराची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. लोखंड लागले की जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर गावच्या सुताराकडून बनत होता, तोच दुरुस्त करी, आणि परक्या वस्तूवर पैसा घालायची कुणाची तयारी नव्हती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत घर चालवायचे होते, उधारी फेडायची होती, आणि तरीही शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे न होता त्याच्या शंका खऱ्या मानून माल सुधारायचा होता. फाळ झिजला तर बदलता यावा, मोडलेला भाग गावातच बसवता यावा, याची काळजी लोखंडी नांगर विकणाऱ्याला घ्यावीच लागते. गिऱ्हाईक पुन्हा दारात येईल याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते, हे लहान गावातला व्यापारी कुणी न शिकवता जाणतो. त्याला रोज त्याच माणसांत वावरायचे असते.

धंद्याचा जम बसत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने वस्तीच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी संस्थानात जागा दिली आणि दहा हजार रुपयांची सोय करून दिली. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. माळावर निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची टंचाई. तिथे कामगार बायकामुलांसह राहायला आले आणि किर्लोस्करांची बिऱ्हाडेही त्यांच्याबरोबरच आली. मालकाचे घर शहरात आणि भट्टी माळावर, अशी विभागणी झाली नाही.

वाडीचा कारभार रामुअण्णांनी सांभाळला, कारखाना लक्ष्मणरावांनी. त्यांच्याभोवती जमलेली माणसे पाहण्यासारखी आहेत. शाळेत मागे पडलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक आणि खजिनदार झाले. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ निघाले. मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळले. रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली गेली. वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. आपल्या माणसांसाठी सर्वस्व देणारा गृहस्थ फार दुर्मीळ नाही. तेच प्रेम कित्येकदा इतरांवर अन्याय करायलाही लावते: नात्यातल्याला नोकरी, जातीतल्याला उधारी, बाकीच्यांना रोख. लक्ष्मणरावांनी ‘आपले’ या शब्दाची हद्द घराच्या उंबऱ्यावर संपू दिली नाही. त्यांच्या मोठेपणाचे खरे माप कारखान्याच्या क्षेत्रफळापेक्षा यात आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्या वितळवल्या गेल्या आणि नांगरांचे काम चालू राहिले.

घरातल्या तरुणांना त्यांनी पेढीवर बांधून ठेवले नाही. मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकायला गेले. माधव तिथेच क्षयाने वारला. शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परतले आणि कारखान्यात रुजू झाले. दुसरे पुतणे शंकरराव यंत्रांपेक्षा लेखणीत रमणारे. त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले, आणि त्याच घरातून पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगर विकणाऱ्या कुटुंबाने मराठी वाचकाला विधवांच्या, शिक्षणाच्या, रूढींच्या प्रश्नांवर विचार करायला लावले, ते या पुतण्याला मोकळीक मिळाली म्हणून.

या आठवणीला दुसरी बाजूही आहे. वाडी हे एकत्र कुटुंब मानले, तर त्याचा कर्ता ठरलेला होता; कामगारांचे घर, शाळा, दुकान सारे त्याच्याच शब्दावर चाले. कर्ता भला होता म्हणून हे निभावले. हक्क मायेवर सोडून देता येत नाहीत, हे नंतरच्या कामगार चळवळीने सांगितले आणि ते बरोबरच होते. शिवाय लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई, तसेच वाडीवर आलेल्या इतर बायका, यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. माळावर पाणी भरणे, चूल पेटवणे आणि आलेल्या-गेलेल्याचे करणे हेही त्या धंद्याचे भांडवलच होते. कोणत्याही खतावणीत त्याची नोंद झाली नाही.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. ज्या कुंडल रोड स्टेशनवर ते १९१० साली सामान घेऊन उतरले, त्याचे नाव आज किर्लोस्करवाडी आहे.