पिशवी कुणासाठी?

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र आयसीयूत माझ्या जबाबदारीची असते. छातीतून काढलेल्या नळ्यांमधून दर तासाला किती रक्त आलं, ते पाहत मी बसते. शंभर मिलिलिटर, मग ऐंशी, मग पन्नास असं उतरत गेलं की जीव भांड्यात पडतो. दोनशेच्या वर टिकून राहिलं तर सर्जनना उठवायचं आणि वेळ आलीच तर छाती पुन्हा उघडायची. तिथे मला प्रश्न पडत नाही. रक्त वाहत असेल तर रक्त द्यायचंच.

प्रश्न पडतो तो शांत रात्री. ड्रेन जवळजवळ थांबलाय, रक्तदाब चांगला आहे, लघवी होतेय आणि रिपोर्ट येतो: हिमोग्लोबिन ७.९. हात रक्तपेढीच्या फोनकडे जातो. ही पिशवी मी पेशंटसाठी मागवतेय, की सकाळच्या राउंडला ‘आठच्या खाली होतं, तरी तुम्ही थांबलात?’ असं कुणी विचारू नये म्हणून? याचं उत्तर दर वेळी मला आवडेल असं नसतं.

अभ्यासांचा आधार दोन्हीकडून मिळतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, जवळपास पाच हजार रुग्णांच्या चाचणीत ७.५ पर्यंत थांबलेल्यांचं काही जास्त वाईट झालं नाही. २०१५ च्या ब्रिटनमधल्या चाचणीत मात्र ७.५ पर्यंत थांबलेल्या गटात तीन महिन्यांत ४.२ टक्के मृत्यू होते आणि ९ च्या खाली येताच रक्त दिलेल्या गटात २.६ टक्के. मला भीती वाटते तेव्हा ब्रिटनची चाचणी आठवते, रक्तपेढीत तुटवडा असतो तेव्हा दुसरी. हे मला खुपतं.

पिशवी काही निरुपद्रवी नाही. नुकत्याच शिवलेल्या हृदयावर तिचा भार पडतो, क्वचित फुप्फुसं बिघडतात. शिवाय तिच्यामागे माणूस असतो. पैसे घेऊन रक्त देणं १९९८ पासून बंद आहे, स्वेच्छेने दिलेलं रक्तच वापरावं असं धोरण सांगतं. तरीही ‘तुमची माणसं बोलवा’ हे वाक्य नातेवाइकांना आजही ऐकावं लागतं. मग पहाटेच्या एसटीने एखादा भाचा येतो. त्याच्या दंडाला सुई लागते ती माझ्या निर्णयामुळे.

पण खरी टोचणी त्या रात्रीच्या आधीची आहे. आमच्याकडे झडप बदलायला येणाऱ्या कितीतरी बायका पंचेचाळीस किलोच्या असतात. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप आखडलेली, हिमोग्लोबिन दहा. अशा बाईच्या अंगात रक्त जेमतेम तीन लिटर. हार्ट-लंग मशीन सुरू करण्याआधी त्याच्या नळ्यांत लिटरभराहून अधिक सलाइन भरलेलं असतं, ते तिच्या रक्तात मिसळतं. एक थेंब न सांडता दहाचं सात होतं. त्यात रक्त गोठू न देणारं हेपारिन, यंत्रातून फिरून थकलेल्या प्लेटलेट्स, थंड केलेलं शरीर. धष्टपुष्ट पुरुष जिथे विनापिशवी निभावून जातो, तिथे हिला दोन-तीन लागतात. हे माझ्यापर्यंत येण्याआधीच ठरलेलं असतं. ठरवलेलं असतं तिच्या घरातल्या ताटाने, अंगावरून जाणाऱ्या रक्ताने, कुणीही न मोजलेल्या हिमोग्लोबिनने. देशातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे सरकारचं सर्वेक्षणच सांगतं.

तपासणीला येते तेव्हा मी तिला थांबवू शकते. शिरेतून लोह दिलं तर काही आठवड्यांत रक्त सुधारतं. पण योजनेची मंजुरी आलेली असते, तारीख मिळालेली असते, नवऱ्याने रजा टाकलेली असते. उताणं झोपलं की जिला धाप लागते, तिला थांबवणं धोक्याचंच. बाकीच्यांना मात्र थांबवता येतं. त्यासाठी सर्जनशी वाद घालावा लागतो, नवऱ्याला समोर बसवून समजावावं लागतं. फिटनेसच्या कागदावर ‘दोन पिशव्या तयार ठेवा’ लिहायला अर्धं मिनिट पुरतं.